मुखवट्याखालची हनुवटी

टोकियोतल्या उएनोच्या संग्रहालयात एका चित्रासमोर मी उठाबशा काढत होते. म्हणजे अगदी कान धरून नाही, पण गुडघे वाकवायचे, ताठ व्हायचं, पुन्हा वाकवायचे. ताठ उभं राहिलं की चित्राची पार्श्वभूमी नुसती मळकट राखाडी दिसायची, चुलीतल्या थंड राखेसारखी. जरा खाली वाकून मान तिरकी केली की तीच राख एकदम चंदेरी व्हायची आणि तिच्यापुढचा माणूस अंधारातून बाहेर आल्यासारखा वाटायचा. अभ्रकाची करामत. दालनातल्या रखवालदारानं आधी माझ्याकडे रोखून पाहिलं, मग नजर फिरवली. रोज कुणी ना कुणी तिथं उठाबशा काढत असणार.

चित्रातला माणूस म्हणजे एका नाटकातला एदोबेई नावाचा भाडोत्री गुंड आहे. दुसऱ्याच्या नोकराकडचे पैसे लुबाडायला निघालेला. मान कासवासारखी पुढे काढलेली, ओठ घट्ट मिटून कोपऱ्यात खाली ओढलेले, डोळे बारीक आणि दोन्ही बुबुळं नाकाकडे वळलेली. आणि हात. किमोनोच्या पुढच्या उघड्या भागातून दोन पंजे बाहेर आलेत, बोटं फाकलेली. हे हात चुकलेले आहेत. चेहऱ्याच्या मानानं फारच लहान, आणि खांद्याशी त्यांचा संबंध कुठून लागतो ते सांगता येत नाही. आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी लाल पेन्सिलीनं गोल केला असता. पण तेच हात झाकून चित्र पाहा (मी तळवा आडवा धरून पाहिलं), माणूस नुसता रागीट दिसतो. हात दिसले की तो आता, या क्षणी, अंगावर येणार असतो.

१७९४ साली, जपानी पंचांगातल्या पाचव्या महिन्यात, एदोमध्ये म्हणजे आजच्या टोकियोत, कावाराझाकी-झा नावाच्या नाट्यगृहात हे नाटक लागलं होतं. एदोबेईचं काम करत होता ओतानी ओनिजी तिसरा. आणि त्याचं चित्र काढणाऱ्याचं नाव शाराकू. तोशुसाई शाराकू. त्या महिन्याआधी हे नाव कुणी ऐकलेलं नव्हतं, आणि पुढच्या वर्षाच्या पहिल्या महिन्यानंतर त्याचं एकही नवं छापील चित्र बाजारात आलं नाही. पाचवा ते पहिला मोजले तर नऊ महिने भरतात, पण अभ्यासक दहा सांगतात. मला हा हिशेब बरेच दिवस जुळेना. मग कळलं, त्या वर्षी अकरावा महिना अधिक आला होता. अधिक मास! जपानी कलेचा इतिहास वाचताना आजीचे अनारसे आठवतील असं वाटलं नव्हतं.

तर दहा महिन्यांत एकशे चाळीसच्या वर चित्रं. त्यातली पहिली अठ्ठावीस अशी, मोठ्या चेहऱ्याची, काळसर अभ्रकाच्या जमिनीवरची, आणि सगळी एकाच दमात बाजारात आणलेली.

हे धाडस शाराकूचं जितकं, त्याहून जास्त त्याच्या प्रकाशकाचं. त्सुताया जुझाबुरो. हा योशिवारात, एदोच्या कलावंतिणींच्या वस्तीत जन्मला आणि तिथल्याच मार्गदर्शक पुस्तिका विकत विकत मोठा प्रकाशक झाला. १७९१ मध्ये सरकारची मर्जी फिरली. त्यानं छापलेली काही पुस्तकं चावट ठरली, लेखकाच्या हातात पन्नास दिवस बेड्या पडल्या आणि त्सुतायाची निम्मी मालमत्ता गेली. नाटकवाल्यांची दशा याहून वाईट. एदोतली तिन्ही परवानाधारक थिएटरं कर्जात बुडून बंद होती आणि त्यांच्या जागी तीन बदली थिएटरं खेळ लावत होती. अशा पडत्या बाजारात या गृहस्थानं एका अनोळखी माणसाची अठ्ठावीस चित्रं छापून बाजारात आणली. तीही अभ्रक लावून! आपल्याकडे असल्या माणसाला एकतर वेडा म्हणतात नाहीतर नाटककंपनीचा मालक.

नटांची चित्रं ही काही नवी गोष्ट नव्हती. काबुकीच्या, म्हणजे तिथल्या लोकप्रिय नाटकाच्या, प्रेक्षकाला घरी न्यायला काहीतरी हवंच असे. साधं छापील चित्र सोबा नूडल्सच्या एका वाडग्याच्या भावात मिळे, तेव्हा मोलकरणीलाही परवडे. आधीच्या चित्रांत सगळ्या नटांचे चेहरे एकाच साच्यातले असत, कोण कोणता ते किमोनोवरच्या घराण्याच्या चिन्हावरून ओळखायचं. कात्सुकावा शुन्शो आणि त्याच्या सोबत्यांनी १७७०च्या सुमारास ही तऱ्हा मोडली आणि नटाचं नाक नटाला दिलं. म्हणजे शाराकू आला तेव्हा चेहरा ओळखू येणं ही गंमत लोकांना ठाऊक झाली होती. पण ओळखू येणं वेगळं आणि सापडणं वेगळं.

सापडणं म्हणजे काय ते सेगावा तोमिसाबुरो दुसरा याच्या चित्रात दिसतं. हा ओन्नागाता, म्हणजे स्त्रीपार्टी. काबुकीची सुरुवात बायकांनी केली, पण १६२९ मध्ये सरकारनं त्यांना रंगमंचावरून खाली उतरवलं. मग कोवळी पोरं बायकांची कामं करू लागली, तर १६५२ मध्ये त्यांनाही बंदी. उरले मोठे पुरुष. त्यांनीही कपाळावरचे केस भादरून घ्यायचे, म्हणजे फार देखणे दिसायला नकोत. त्या भादरलेल्या जागेवर स्त्रीपार्टी नट जांभळं रेशमी फडकं बांधू लागले. पुढे तेच फडकं सौंदर्याचं लक्षण झालं. लपवण्याची वस्तूच लोकांना आवडू लागली, असं होतं कधीकधी.

तोमिसाबुरोच्या कपाळावर ते फडकं आहे. तो एका सरदाराच्या यादोरिगी नावाच्या बायकोच्या भूमिकेत आहे. केशरचना, किमोनो, मानेचा बाक, सगळं बाईचं. आणि नाक लांब, गाल बसके, जबडा पुरुषाचा. शाराकूनं त्याची टर उडवलेली नाही. बाई बाईच्या जागी आहे, तिचा तोरा खरा आहे, आणि तिच्या आत एक तिशी-चाळिशीचा पुरुष मन लावून काम करतो आहे. दोघंही एकाच वेळी दिसतात. मुंबईच्या लोकलमध्ये खिडकीच्या काचेत आपला चेहरा आणि बाहेरचं स्टेशन एकावर एक दिसतं ना, तसं काहीसं.

या चित्रापुढे मला आजी आठवली, आणि या वेळी अनारशांसाठी नाही.

आजीनं मुलगी असताना सांगलीत बालगंधर्वांना पाहिलं होतं. नारायणराव तेव्हा साठीच्या घरात होते आणि तरीही शालू नेसून रुक्मिणी करत होते. लहानपणी ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली होती की एकदा वैतागून विचारलं, "आजी, पण ते म्हातारे दिसत नव्हते का गं?"

आजी वाटाणे सोलत होती. हात न थांबवता म्हणाली, "दिसत होते की. पण बघत कोण होतं?"

तेव्हा मला हे उत्तर चुकवाचुकवीचं वाटलं होतं. आता वाटतं, नाटक पाहण्याबद्दल याहून नेमकं मला कुणी काही सांगितलेलं नाही. प्रेक्षक तिकीट काढतो तेव्हा काही गोष्टी न बघायचं कबूल करूनच आत शिरतो. सुरकुती बघायची नाही, खर्जातला आवाज ऐकायचा नाही, पातळाखालचा रुंद खांदा मोजायचा नाही. हा करार कुठे लिहिलेला नसतो, पण सगळे पाळतात. शाराकूनं तो मोडला. बरं, मोडला तोही नाटकाच्या बाहेर, दुकानात टांगलेल्या चित्रात. आपल्या लाडक्या तोमिसाबुरोचं चित्र घ्यायला गेलेल्या बाईला तिनं न बघायचं ठरवलेलं सगळं त्यानं कागदावर हातात ठेवलं. ती का पैसे देईल?

ओता नाम्पो नावाच्या लेखकानं तेव्हाच्या चित्रकारांची टिपणं करून ठेवली होती. त्यात शाराकूबद्दल दोनच ओळी आहेत आणि त्यांचा आशय असा: त्यानं नटांची चित्रं काढली, पण फार खरं काढायच्या नादात नको तसं काढलं, म्हणून तो फार काळ चालला नाही, वर्षा-दोन वर्षांत थांबला. यात कौतुक नाही आणि रागही नाही. दुकान का बंद पडलं ते शेजारच्या दुकानदारानं सांगावं तसा सूर आहे.

त्याच वर्षी उतागावा तोयोकुनी हा पंचविशीतला चित्रकारही नटांची चित्रं काढत होता. त्याचे नट पूर्ण उंचीचे, रुबाबदार, हातपाय जागच्या जागी. तोयोकुनी चालला, त्याचे शिष्य चालले आणि पुढचं जवळजवळ शतकभर नटांची चित्रं म्हणजे उतागावा घराणं असं समीकरण झालं. मी १७९४ मध्ये एदोत असते तर कुणाचं चित्र घेतलं असतं? तोयोकुनीचं. खोटं कशाला बोलू?

शाराकूनं तर कुणाची चित्रं विकत घेतली जातील हाही विचार केलेला दिसत नाही. त्या अठ्ठावीस चित्रांत एक जोडचित्र आहे, नाकाजिमा वादाएमोन आणि नाकामुरा कोनोझो यांचं. दोघंही किरकोळ कामं करणारे नट. एक हडकुळा, भूमिकेचं नाव 'सुक्या कॉड माशाचा' चोझाएमोन, दुसरा गोल गरगरीत. आपल्याकडचे जाड्या-रड्याच. यांचे चाहते असून असून किती असणार? तरी त्यांनाही तोच मोठा कागद, तेच अभ्रक. माझं सगळ्यात लाडकं चित्र हेच आहे. हडकुळा काहीतरी गयावया करतोय आणि जाड्याच्या चेहऱ्यावर बँकेच्या काउंटरपलीकडचा भाव आहे.

गेल्या हिवाळ्यात टोकियोतल्या एका कार्यशाळेत जुन्या चित्रांच्या प्रतिकृती छापताना पाहायला मिळालं. आम्ही दहा-बारा जण जमिनीवर बसलो होतो आणि छापणारा आमच्यापुढे मांडी घालून. त्याचं मेज त्याच्यापासून पुढे उतरतं असतं, म्हणजे जोर लावताना अंगाचं वजन आपोआप कागदावर जातं. लाकूड रानटी चेरीचं. कागदाला आधी सरस आणि तुरटीचं पाणी दिलेलं, आणि छापताना तो किंचित ओलसर. ठोकळ्यावर रंग आणि भाताच्या खळीचा ठिपका टाकला, ब्रशनं सारखा केला. ठोकळ्याच्या एका कोपऱ्यात काटकोनात कोरलेली खाच असते आणि त्याच कडेवर पुढे एक सरळ खाच, तिथं कागदाचं टोक आणि कड अंगठ्यांनी टेकवून तो अलगद खाली सोडला. प्रत्येक रंगाचा ठोकळा वेगळा, पण या दोन खाचा सगळ्यांवर एकाच जागी, म्हणून रंग सरकत नाहीत. मग बारेन. बांबूच्या कोंबाच्या सालीत गुंडाळलेली तळहाताएवढी चकती. ती घेऊन तो कागदाच्या पाठीवर असा घासू लागला की खांद्यापासून कंबरेपर्यंत माणूस हलत होता. कागद सोलून उलटा केला तेव्हा आमच्यातल्या कुणीतरी टाळी वाजवली आणि लगेच ओशाळून थांबवली.

मला खरी गंमत वाटली ती कोरणाऱ्याची. चित्रकार पातळ कागदावर काळ्या रेघांत चित्र काढतो, तो कागद उलटा ठोकळ्यावर चिकटवतात आणि त्याच्यावरूनच कोरतात. म्हणजे मूळ चित्र कोरण्यात संपून जातं. आणि कोरणारा रेघ कोरत नाही, तो रेघेच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढून टाकतो. रेघ मागे उरते. तोमिसाबुरोच्या जबड्याची ती एक काळी ओळ म्हणजे सुरीची दोन कापं, एक आतून, एक बाहेरून, मधे केसाएवढं लाकूड राखून. ती चुकून आलेली नाही. चित्रकारानं काढली, कोरणाऱ्यानं राखली, छापणाऱ्यानं शेकडो वेळा घासली, त्सुतायानं पैसे दिले. आणि वर प्रकाशक संघाच्या तपासनिसाचा 'किवामे' हा गोल शिक्काही बसला, कारण तेव्हा त्याशिवाय चित्र विकता येत नसे. एका नटाच्या जबड्यावर एवढ्या लोकांचं एकमत!

पण हे डोळे शाराकूला मिळाले कुठून?

तो खरा कोण, यावर जपानमध्ये कपाटंच्या कपाटं भरतील इतकं लिहून झालंय. कुणी म्हणतं होकुसाई, कुणी उतामारो (दोघंही तेव्हाचे चित्रकार), कुणी स्वतः त्सुताया. या खेळात मला फारसा रस नाही. १८४४ मध्ये साइतो गेश्शिन यानं जुन्या टिपणांत भर घालताना सरळ लिहून ठेवलंय की शाराकू म्हणजे साइतो जुरोबेई, एदोतल्या हाच्चोबोरीत राहणारा, आवा प्रांताच्या सरदाराच्या पदरी असलेला नोह नट. नोह म्हणजे मुखवटे लावून करायचं जुनं जपानी नाटक. लोकांना वर्षानुवर्षं हे पटत नव्हतं, कारण असा कुणी होता याचीच शंका होती. १९९७ मध्ये एका देवळाच्या मृत्युनोंदीत तो सापडला: हाच्चोबोरी, आवाचा चाकर, १८२० मध्ये वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी निधन. आता बहुतेक जण हेच उत्तर मानतात. मीही मानते, पण माझं कारण कागदपत्रांपेक्षा हनुवटीचं आहे.

नोहचा मुखवटा चेहऱ्यापेक्षा किंचित लहान असतो. पहिल्यांदा नोह पाहिलं तेव्हा मला हे खटकलंच होतं. तरुण स्त्रीचा पांढराशुभ्र, शांत मुखवटा आणि त्याच्याखाली सत्तरीच्या माणसाची लोंबती, दाढीची हिरवट झाक असलेली हनुवटी, गाताना वरखाली होणारी. मला वाटलं, मुखवटा चुकीच्या मापाचा आला. शेजारी बसलेल्या ऑफिसातल्या मैत्रिणीनं सांगितलं, नाही, मापच तसं असतं. ते लपवत नाहीत. नोहच्या प्रेक्षकाला त्यात काही वावगं वाटत नाही.

आता असा एक माणूस कल्पनेत आणा, ज्याचं सगळं आयुष्य त्या मुखवट्यांच्या शेजारी गेलंय. स्त्री आणि तिच्याखालची म्हाताऱ्याची हनुवटी हे दोन्ही एकदम पाहणं ज्याला नेहमीचंच आहे. सरदाराच्या पदरचा नोह नट म्हणजे दर्जानं सामुराईंच्या बाजूचा, त्यानं काबुकीच्या बाजारात मिसळणं शोभणारं नाही. तो लपूनछपून काबुकीला जातो. तिथं मुखवटे नाहीत, नुसता रंग. पण त्याचे डोळे सवयीनं कड शोधतात, रंग कुठे संपतो आणि माणूस कुठे सुरू होतो ती. आणि त्याला ती सापडते. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही.

त्या पहिल्या अठ्ठाविसांतलं इचिकावा एबिझोचं चित्र पाहताना तर हा तर्क मला फारच हवाहवासा वाटतो. एबिझो म्हणजे आधीचा पाचवा दांजुरो, नाव मुलाला देऊन मोकळा झालेला, पन्नाशी ओलांडलेला, एदोच्या रंगभूमीचा राजा. नाक गरुडाचं, भुवया उंच, तोंडाच्या दोन्ही बाजूंना खोल घड्या. लेकीचा अपराध आपल्या जीवावर घेणाऱ्या बापाच्या भूमिकेत तो आहे, ताकेमुरा सादानोशिन. आणि नाटकातला हा बाप धंद्यानं कोण? नोह नट. म्हणजे खरा नोह नट काळोखात बसून, काबुकीतल्या सगळ्यात मोठ्या नटाला नोह नटाचं काम करताना पाहतोय. ते चित्र सगळ्यांत आदरानं काढलेलं आहे, असं मला वाटतं.

पुढे शाराकूची चित्रं उतरत गेली. उन्हाळ्यानंतर पूर्ण आकृत्या आल्या, कागद अरुंद झाले, अभ्रक गेलं. शेवटची काही तर ओळखू येऊ नयेत इतकी गुळगुळीत आहेत. लोकांना आवडेल तसं काढायचा प्रयत्न त्यानं केला असावा, आणि तो त्याला जमला नाही. दरम्यान ओनिजीनं नाकामुरा नाकाझो दुसरा हे मोठं नाव घेतलं आणि १७९६ मध्ये तो वारला. त्याच्या पुढच्या वर्षी त्सुताया गेला. ग्रीसमधल्या कॉर्फू बेटावरच्या संग्रहालयात २००८ मध्ये एक पंख्यावरचं चित्र सापडलं, शाराकूच्या हातचं मानलं जाणारं, १७९५ च्या उन्हाळ्यातल्या एका नाटकाचं. म्हणजे बाजारानं पाठ फिरवल्यावरही तो नाटकाला जात होता तर.

परवा मी काबुकी-झाला गेले होते, गिन्झात. पूर्ण दिवसाचं तिकीट परवडत नाही, म्हणून चौथ्या मजल्यावरचं एका अंकाचं काढलं. निशिकासाई भागातल्या घरून निघतानाच दुर्बीण घेतली होती. नृत्यनाट्य होतं आणि मुख्य ओन्नागाता सत्तरी पार केलेला. नायिका सोळा-सतरा वर्षांची. उजव्या कोपऱ्यात बसलेल्या माणसानं फळीवर लाकडी ठोकळ्या आपटल्या, ताड ताड, आणि नट मान वळवून एका पवित्र्यात थांबला. काबुकीत असं सगळं नाटकच क्षणभर थांबतं, चित्र व्हायला. वरून कुणीतरी घराण्याचं नाव ओरडलं. मी दुर्बीण लावली. चेहऱ्यावरचा पांढरा रंग जबड्याखाली एक बोटभर गेला होता आणि तिथे मानेच्या दोन वळ्यांमध्ये घामानं फुटला होता. दुर्बीण खाली घेतली. सोळा वर्षांची मुलगी होती तिथे.

शेजारी एक आजीबाई बसल्या होत्या, माझ्या आजीच्याच वयाच्या असतील, मांडीवर रुमाल, त्यावर बंद केलेला कार्यक्रमाचा कागद. त्यांच्याकडे दुर्बीण नव्हती, म्हणून मी खुणेनं विचारलं, हवी का? मला वाटलं नको म्हणतील. त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, किंचित वाकून आभार मानले, चष्मा काढून कपाळावर सरकवला आणि स्क्रू फिरवत फिरवत नजर नेमकी बसवली. अंक संपेपर्यंत त्यांनी ती डोळ्यांवरून काढली नाही.